नऊ होलांत अठरा: टी मिसळून कोर्स कसा खेळवायचा

एकाच नऊ होलांच्या गोल्फ कोर्सवर वर्षभर खेळलं की डोकं चालवावंच लागत नाही. पहिल्या होलला ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) आणि मग सात नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब), दुसऱ्याला आठ नंबर, तिसऱ्याला नाल्याच्या अलीकडे ठेवायचा आणि पुढे. अठरा होल पुरे करायला दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. शहरातल्या अठरा होलांच्या कोर्सवर निदान ग्रीनवरचं, म्हणजे आखूड कातरलेल्या गवतातलं, भोक रोज जागा बदलतं. आपल्याकडे, म्हणजे खाणीच्या किंवा वीज केंद्राच्या कॉलनीला लागून, नाहीतर कुणाच्या पडीत वावरात कसाबसा उभा केलेला कोर्स असेल, तर ग्रीनच्या जागी बहुतेक ब्राऊन असतं. वाळूत तेल कालवून दाबून बसवलेला तो सपाट गोल. त्याचं भोक मधोमध, कायमचं. ते हलवता येत नाही, होलही नवे खणता येत नाहीत. मग हलवण्यासारखं उरतं काय? टी.

टी, म्हणजे होलचा पहिला शॉट मारायची जागा, हलवण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टी मागे नेली म्हणजे होल अवघड झाला आणि पुढे आणली म्हणजे सोपा झाला, हा हिशोब बहुतेक वेळा चुकतो. टी हलवल्यावर खेळणाऱ्याच्या हातातला क्लब बदलला, किंवा क्लब उचलण्याआधी तो दोन क्षण थांबला, तर टी हलवल्याचा उपयोग. नाहीतर तुम्ही लोकांना नुसतं चालवलं.

टी म्हणजे नेमकी कोणती जागा

नव्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. लाकडी खुंटीलाही टी म्हणतात आणि जिथून पहिला शॉट मारायचा त्या जागेलाही. इथे बोलतोय ते जागेबद्दल. तिथे ठेवलेल्या दोन खुणांच्या, म्हणजे मार्करांच्या, पुढच्या कडा जोडणारी रेषा ही त्या जागेची पुढची हद्द, मार्करांच्या बाहेरच्या कडा ही बाजूंची हद्द, आणि मागे दोन क्लब-लांब्यांपर्यंतची जमीन. क्लब-लांबी म्हणजे पटर (भोकाजवळ बॉल ढकलायचा क्लब) सोडून तुमच्या पिशवीतला सगळ्यात लांब क्लब. तो साधारण पंचेचाळीस इंचांचा ड्रायव्हर धरला तर मागे साडेसात फूट मिळतात. बॉल या चौकोनात हवा, पाय बाहेर असले तरी चालतं.

मार्करांच्या पुढून मारलं तर काय? स्ट्रोक प्ले (एकूण शॉट मोजायचा खेळ) असेल तर दोन शॉटचा दंड, आणि आत येऊन पुन्हा मारायचं. मॅच प्लेमध्ये (होलागणिक हारजीत) दंड नाही, पण समोरचा तिथल्या तिथे तो शॉट रद्द करायला लावू शकतो. दुसऱ्या रंगाच्या, म्हणजे दुसऱ्या टीच्या, मार्करांमधून मारलं तरी ते बाहेरून मारल्यासारखंच धरतात. म्हणून टी मिसळायच्या असतील तर कोणत्या होलला कोणती टी, हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरलेलं आणि कार्डावर लिहिलेलं पाहिजे. अर्ध्या वाटेत "चल, इथून मारू" म्हणणं मित्रामित्रांत ठीक, स्पर्धेत नाही.

आधी मोजणी

एक वही घ्या आणि सकाळी कोर्स फिरा. प्रत्येक होलची लांबी टीच्या मध्यापासून ब्राऊनच्या मध्यापर्यंत मोजा. होल वाकडा असेल तर बॉल जिथे पडायला हवा त्या वळणापर्यंत आधी, आणि तिथून पुढे. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) असेल तर उत्तम, मोबाइलवरही बऱ्यापैकी जमतं, काहीच नसेल तर ३० मीटरचा टेप आणि एक जोडीदार. फक्त टेप मीटरमध्ये आणि गोल्फ यार्डात असतो हे लक्षात असू द्या: १०० मीटर म्हणजे साधारण १०९ यार्ड. क्रिकेट खेळलेल्यांना सोपी खूण आहे, एक पिच म्हणजे २२ यार्ड. हा आकडा पुढे हॅन्डिकॅपच्या, म्हणजे सवलतीच्या शॉटांच्या, वेळीही कामी येणार आहे.

लांबीच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लिहा: टीपासून नाल्याचा अलीकडचा आणि पलीकडचा काठ किती, आणि झाडं, धुरा (शेताचा बांध) किंवा पांदण किती अंतरावर आणि कोणत्या हाताला. पुढचं सगळं काम या दोन रकान्यांवर चालतं.

मग स्वतःचं माप

नवीन माणूस हटकून सगळ्यात मागच्या टीवर जाऊन उभा राहतो. बरोबरचे साहेब लोक तिथून मारतात म्हणून. हे सोडून द्या. अमेरिकेत २०११ मध्ये तिथल्या दोन मोठ्या गोल्फ संघटनांनी लोकांनी पुढच्या टीवरून खेळावं म्हणून मोहीमच काढली होती. त्यातला साधा तक्ता असा: ड्रायव्हर २०० यार्ड जात असेल तर अठरा होल मिळून ५,२०० ते ५,४०० यार्डांचा कोर्स खेळा, २२५ जात असेल तर ५,८०० ते ६,०००, १७५ जात असेल तर ४,४०० ते ४,६००. दुसरा एक ठोकताळा म्हणजे पाच नंबरच्या आयर्नचं अंतर गुणिले ३६.

अंतर मोजताना एकदा कधीतरी वाऱ्याच्या जोरावर गेलेला बॉल धरू नका. दहा मारा, बरे लागलेले पाहा, मधला धरा. आणि उन्हाळ्यात मोजू नका. एप्रिल-मेमध्ये आपली काळी जमीन इतकी टणक होते की बॉल टप्पा खाऊन बराच पुढे घरंगळतो, आणि माणसाला उगाच आपण फार मारतो असं वाटायला लागतं.

प्रत्येक होलला दोन-तीन जागा शोधणं

खरं काम हे. यात घाई करू नका.

होलच्या शेवटाकडून सुरुवात करा. ब्राऊनपाशी उभं राहून टीकडे तोंड करा आणि विचारा: इथे येणारा बॉल कुठून आला तर सोपा, कुठून आला तर कठीण? ब्राऊन लहान आणि कडक असतं. त्याच्यावर थेट उंचावरून बॉल टाकला तर तो उडून मागे जातो. म्हणून जाणते लोक बॉल आठ-दहा यार्ड अलीकडे टाकतात आणि घरंगळत वर जाऊ देतात. आता ब्राऊनच्या तोंडाशी उजव्या हाताला बाभूळ आहे असं धरा. डावीकडून येणाऱ्याला मोकळं तोंड मिळतं, उजवीकडून येणाऱ्याला बाभळीवरून उचलावा लागतो आणि तो थांबत नाही. म्हणजे टी मागेपुढे न करता नुसती वीस पावलं बाजूला नेली तरी होल बदलतो, लांबी जवळजवळ तीच राहून. चपट्या माळरानावर हा उपाय सगळ्यात स्वस्त आणि लोकांना सगळ्यात उशिरा सुचणारा.

आता नाला. नाल्याचा होल बहुतेक कोर्सवर असतोच, म्हणून जरा जवळून पाहू. मागच्या टीपासून होल ३४० यार्ड, आणि नाल्याचा पलीकडचा काठ २०० वर. मधल्या टीपासून होल ३०५, पलीकडचा काठ १६५. पुढच्या टीपासून होल २६०, काठ १२०. खेळणाऱ्याचा बॉल हवेत १६० यार्ड जातो असं धरा. मागच्या टीवर त्याला विचारच करायचा नाही: नाल्याच्या अलीकडे आयर्न मारायचं, मग लांबचा दुसरा शॉट. पुढच्या टीवरही विचार नाही, आरामात पार जातो. त्याला घोळात घेते ती मधली टी. चांगला बसला तर जाईल, जरा तळाशी लागला तर पाण्यात, किंवा उन्हाळ्यात दगडगोट्यांत. तिथेच बाजूचा पोरगा हळूच म्हणतो, "भाऊ, इथून मारसान त बॉल नाल्यातच जाईन." आणि भाऊ ड्रायव्हरच काढतो. लांबीत मधली असलेली टी मनाला सगळ्यात जास्त छळते, ते असं. नवीन लोकांच्या स्पर्धेत नाल्याच्या होलला मधली टी देऊ नका. पुढची द्या. जुन्यांना मात्र महिन्यातून एकदा तरी मधली द्याच.

छोट्या पार चारच्या, म्हणजे चार शॉटांत संपायला हवा अशा, होलला उलट चालतं. ३१० यार्डांचा सपाट होल कुणालाच काही विचारत नाही. तोच २४५ वर आणा. मोठ्या मारणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तो थेट ब्राऊनकडे मारतो, आणि ब्राऊनच्या मागे धुरा व त्यापलीकडे तुरीचं वावर असेल तर तिथे जाऊन बॉल शोधत बसतो. शहाणा माणूस सहा नंबर मारून शंभर यार्ड ठेवतो. पुढे आणलेली टी अशी जास्त डोकं खाते. इथे एक मर्यादा सांभाळा. जागतिक हॅन्डिकॅप पद्धतीच्या मार्गदर्शक मापांत पुरुषांसाठी पार चारचा होल २४० ते ४९० यार्ड आणि पार तीन २६० पर्यंत, स्त्रियांसाठी पार चार २०० ते ४२० आणि पार तीन २२० पर्यंत धरतात. म्हणजे पुरुषांसाठी २४० च्या खाली आणलात तर कार्डावर त्या दिवसापुरता पार तीन लिहा. उगाच लोकांना फुकटच्या बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) वाटू नका.

पार तीनच्या होलला एकच नियम: दोन टींमधला फरक निदान दोन-तीन क्लबांचा असावा. १४५ आणि १५५ या दोन टी म्हणजे एकच टी, नुसता वेगळा रंग. १७० आणि ११० असतील तर एका फेरीत हातात लाकडी नाहीतर हायब्रिड (लांब मारायचे क्लब) येतो, दुसरीत वेज (जवळून उंच मारायचा). पार पाचबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. आपल्याकडे ते बहुधा सरळ आणि लांब, टी कुठेही ठेवा. फक्त पुढची टी इतकी पुढे नको की पार पाच उरतच नाही. पुरुषांसाठी तो ४५० पासून धरतात, स्त्रियांसाठी ३७० पासून.

जागा पक्की करण्याआधी प्रत्येक नव्या टीवर उभं राहून एकदा चारी बाजूंना पाहा. चुकलेला बॉल कुठे जाईल? शेजारच्या होलच्या टीवर, पांदणीवरून जाणाऱ्या बैलगाडीवर, निंदण करणाऱ्या बायांवर, की झाडाखाली बसलेल्या गुराख्यावर? यातलं काहीही शक्य असेल तर ती जागा रद्द, होल कितीही झकास होत असला तरी. नऊ होलांवर लोक एकाच वेळी पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत असतात, त्यामुळे पुढची टी मागच्या टीच्या उडणाऱ्या बॉलखाली येते का हेही बघा. पुढच्या टीवर माणसं असताना मागून मारायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवा. "फोर" (म्हणजे "बॉल येतोय, सांभाळा") ओरडायला शिकवा. आपल्याकडे लोक लाजतात.

आता मिसळण

नमुन्यासाठी एक कोर्स घेऊ, पार ३६. निळी मागे, पांढरी मध्ये, लाल पुढे. अंतरं त्याच क्रमाने:

पहिला, पार ४: ३६५, ३३५, २९०
दुसरा, पार ३: १७०, १४५, ११०
तिसरा, पार ४, नाला: ३४०, ३०५, २६०
चौथा, पार ५: ५०५, ४७०, ४१०
पाचवा, पार ४: ३९०, ३५०, ३१०
सहावा, पार ३: १९५, १५०, १२५
सातवा, पार ४: ३१०, २८०, २४५
आठवा, पार ४: ३७५, ३४०, ३००
नववा, पार ५: ४९०, ४६०, ४०० (चौथा आणि नववा लालवरून पुरुषांसाठी पार ४ धरायचे)

सगळे निळे ३,१४०, सगळे पांढरे २,८३५, सगळे लाल २,४५०. पांढऱ्यावरून दोन फेऱ्या खेळलात तर ५,६७० यार्ड आणि तेच नऊ होल दोनदा.

आता पहिली फेरी अशी लावा: पांढरी, निळी, लाल, पांढरी, निळी, लाल, निळी, पांढरी, लाल. बेरीज २,८००. दुसरी फेरी: लाल, लाल, निळी, निळी, लाल, निळी, लाल, निळी, पांढरी. बेरीज २,८३०. दोन्ही मिळून ५,६३०. पांढऱ्याच्या दोन फेऱ्यांपेक्षा फक्त ४० यार्ड कमी, आणि एकही होल दोनदा तसाच आला नाही. दुसरा होल एकदा १७० चा आणि एकदा ११० चा, सहावा एकदा १२५ चा आणि एकदा १९५ चा. सातवा पहिल्यांदा साधा, दुसऱ्यांदा लालूच दाखवणारा. तिसरा, नाल्याचा, पहिल्या फेरीत पलीकडे मारायचा आणि दुसरीत अलीकडे ठेवायचा.

ही जुळणी करताना मी दोन गोष्टी पाहतो. एका फेरीत लागोपाठ तीन होल एकाच रंगाचे नकोत, नाहीतर माणूस पुन्हा झोपेत खेळायला लागतो. आणि लांब होलला नेहमी मागची, आखूड होलला नेहमी पुढची असं करू नका; ते फार सरळ होतं. कधी लांब होल आणखी लांब, कधी त्याच्यावरच दया. पण त्या पाचव्या होलच्या ३९० वर नवीन माणसाला उभं करणं म्हणजे शिक्षा आहे, तो दोन पूर्ण शॉट मारूनही पोचणार नाही. नव्यांचं कार्ड वेगळं काढा, फक्त पांढरी आणि लाल अर्धी-अर्धी मिसळून. बेरीज ५,२०० ते ५,३०० च्या घरात येते, म्हणजे वरच्या तक्त्यातल्या २०० यार्डवाल्याच्या मापाला बरोबर.

ज्यांना हे सगळं भेसळ वाटतं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथच्या खेळाडूंनी जे तेरा नियम लिहिले, त्यातला पहिलाच नियम असा की बॉल मागच्या होलपासून एका क्लब-लांबीच्या आत टीवर ठेवायचा. वेगळी टी बॉक्स वगैरे नव्हतीच. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सवरही लोक तेच होल जाताना एकदा आणि येताना एकदा खेळायचे. बावीस होलांचे अठरा झाले ते १७६४ मध्ये. थोड्या जमिनीवर जास्त खेळ काढणं हे काही आपल्या गरिबीचं लक्षण नव्हे.

टीची जागा बांधणं

काळ्या मातीवर नुसते दोन मार्कर ठेवून टी होत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की तिथे पाय रुततो, आणि उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की खुंटीच काय, बॉलही आत जातो. ज्या जागा कायम वापरायच्या आहेत तिथली काळी माती फूटभर काढून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसाने ठोका. वर चार बोटं गाळ, वाळू आणि कुजलेलं शेणखत कालवून पसरवा, आणि पाऊस लागला की हरळीची मुळं टोचा. हरळी विकत आणायची गरज नाही, जी शेतकरी वावरातून उपटून धुऱ्यावर फेकतो तीच. जगभरच्या उष्ण भागातल्या गोल्फ कोर्सवर बर्म्युडा या नावाने हेच गवत असतं. दहा फुटांना दीड इंच उतार मागे किंवा बाजूला ठेवा, पाणी साचणार नाही.

आकार बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब तरी हवा. कारण मार्कर कडेला ठेवून चालत नाही. मागे साडेसात फूट मोकळी सपाट जमीन पाहिजे, पुढेही दोन-तीन फूट, म्हणजे मार्कर मागेपुढे हलवायला उरतात जेमतेम नऊ-दहा फूट. पार तीनच्या टी त्याहून मोठ्या करा. तिथे आयर्नने मारतात आणि प्रत्येक शॉटला गवताचा ढलपा निघतो. लांब होलला ड्रायव्हर खुंटीवरून मारतात, जमीन वाचते. मार्कर रोज दोन पावलं हलवले की गवताला विसावा मिळतो.

मार्कर कशाचे करायचे? लोखंडी केले तर ते भंगारात जातात, लाकडी केले तर उधई लागते. सिमेंटचे ओतलेले ठोकळे नाहीतर चांगला जड दगड, वरून ऑइल पेंट. मार्कर लावताना दोघांना जोडणारी रेषा मारायच्या दिशेला काटकोनात आहे का ते बघा. खाली दोन क्लब टाकून काटकोन करून बघितलं तरी पुरे. तिरके मार्कर असले की नवीन माणूस नकळत त्यांच्या काटकोनात उभा राहतो आणि दर वेळी उजव्या झुडपात मारतो, आणि दोष स्विंगला देतो.

रानडुकरं हरळीच्या मुळाशी जमीन उकरतात आणि रोही (नीलगाई) तुडवतात, हे धरूनच चाला. प्राण्याने खणलेल्या खड्ड्यात बॉल गेला तर नियमाने फुकट सुटका मिळते. उन्हाळ्यातल्या भेगांसाठी कोर्सच्या कमिटीने त्या भागाला दुरुस्तीखालची जमीन म्हणून जाहीर करून ठेवावं, म्हणजे तीही सुटका मिळते. सूचना फलकावर लिहून लावली नसेल तर दर रविवारी त्यावरून भांडण ठरलेलं.

मोसमाप्रमाणे

मृगापासून पोळ्यापर्यंत बॉल पडतो तिथेच बसतो, घरंगळत नाही. त्या काळात निळ्या टी जवळजवळ बंद ठेवा आणि मुरमाच्या टींवरूनच खेळवा. हिवाळा हा आपला खरा मोसम. सगळे रंग उघडे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा खेळ उजाडता उजाडता सुरू करून लवकर संपवायचा असतो. सकाळी पूर्वेकडे तोंड करून मारायच्या होलला बॉल दिसत नाही, तिथे पुढची टी द्या. जमीन इतकी कडक की खुंटी शिरत नाही. मोठा खिळा ठोकून आधी भोक पाडा, नाहीतर चिमूटभर वाळूच्या ढिगावर बॉल ठेवा. टीच्या जागेत वाळू घालून त्यावर बॉल ठेवायला नियमाची परवानगी आहे. पश्चिमेचा गरम वारा सुटला की वाऱ्याच्या तोंडावरचे पार तीन पुढे आणा आणि वाऱ्याबरोबरचे मागे न्या, नाहीतर सगळ्यांचा एकच क्लब होतो.

हॅन्डिकॅपचं काय

कोर्सचं अधिकृत रेटिंग झालेलं असेल तर प्रत्येक रंगाच्या टीला स्वतःचं कोर्स रेटिंग (कसलेल्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) आणि स्लोप (साध्या खेळाडूला ती टी किती जास्त अवघड याचा आकडा) असतो. स्लोप ५५ ते १५५ मध्ये कुठेही, ११३ हा प्रमाण मानलेला. तुमच्या हॅन्डिकॅप इंडेक्सला (तुमच्या खेळाच्या अधिकृत मापाला) स्लोपने गुणायचं, ११३ ने भागायचं, आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवायचं. इंडेक्स २४, स्लोप ११०, रेटिंग ६६, पार ७२ असेल तर २३.४ मधून ६ गेले, राहिले १७. मिसळलेल्या टींचंही असं रेटिंग निघू शकतं, कारण ते होलवार मोजलेलं असतं; आपल्याकडे त्यासाठी इंडियन गोल्फ युनियनकडे जावं लागतं. नुसते रोजचे मार्कर हलवले आणि अठरा होलांची एकूण लांबी १०० यार्डांपेक्षा कमी बदलली तर रेटिंगला हात लावावा लागत नाही.

बहुतेक गावाकडच्या कोर्सना रेटिंगच नसतं. मग आपसातल्या मॅचसाठी एक कच्चा हिशोब: पुरुषांसाठी २२० यार्डांना एक शॉट, म्हणजे दहा पिचांना एक, स्त्रियांसाठी १८० यार्डांना एक. रेटिंगच्या सूत्रात लांबीचा भाव हाच धरतात. एकाने सगळी निळी खेळली, ६,२८०, आणि दुसऱ्याने सगळी लाल, ४,९००, तर फरक १,३८० यार्ड, म्हणजे सहा शॉट निळीवाल्याला द्यायचे. नाला, झाडं यांचा हिशोब यात नाही, पण चहाच्या पैजेला एवढा पुरतो. वर काढलेल्या मिसळीच्या ४० यार्डांना काहीच द्यायचं नाही.

कार्डाशिवाय खेळायच्या दोन तऱ्हा

कार्ड छापायचा कंटाळा असेल तर होल हरलेला पुढच्या होलची टी निवडतो, दोघांसाठीही. आखूड मारणारा पण सरळ मारणारा माणूस यात हमखास जिंकतो, कारण नाल्याच्या होलला तो समोरच्याला बरोबर त्या मधल्या टीवर उभा करतो. दुसरी तऱ्हा शिकणाऱ्यांसाठी चांगली: पार किंवा त्याहून चांगलं आलं तर पुढच्या होलला एक रंग मागे जायचं, डबल बोगी (पारपेक्षा दोन शॉट जास्त) किंवा वाईट आलं तर एक रंग पुढे, बोगी (एक शॉट जास्त) आली तर तिथेच. सुरुवात लालपासून. काही फेऱ्यांची कार्डं जमली की कुठल्या होलला कोण नेहमी पुढे ढकललं जातं ते दिसतं, आणि त्या होलची पुढची टी आणखी दहा-पंधरा यार्ड पुढे आणायची की नाही हे कमिटीला ठरवता येतं.